सरळ रेषेचा बिंदुपथ आणि एकघाती समीकरण : एका प्रश्नाचा इतिहास

१

भूमितीतील ज्या संज्ञेस आपण मराठीत 'बिंदुपथ' म्हणतो, तिच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द 'तोपोस' आणि त्याचा लॅटिन प्रतिशब्द 'लोकुस' ह्या दोहोंचाही अर्थ 'स्थान' किंवा 'जागा' असा आहे. मराठी संज्ञेत 'पथ' आला आणि त्याबरोबर चालणाऱ्या बिंदूचे चित्रही आले. हे चित्र सोयीचे आहे आणि सतराव्या शतकातील गणितज्ञांनीही त्याचा आश्रय केला आहे. परंतु प्राचीनांची कल्पना निराळी होती. त्यांच्या दृष्टीने 'तोपोस' म्हणजे विशिष्ट अट पाळणाऱ्या सर्व बिंदूंची जागा. जागा म्हटली की तिच्यासंबंधी दोन प्रश्न आपोआप उपस्थित होतात. अट पाळणारा प्रत्येक बिंदू ह्या जागेत आहे काय? आणि ह्या जागेतील प्रत्येक बिंदू अट पाळतो काय? ह्या दोन्ही प्रश्नांची होकारार्थी उत्तरे सिद्ध झाल्याखेरीज बिंदुपथ सापडला असे म्हणता येत नाही.

निर्देशक भूमितीच्या अध्ययनात बिंदुपथाचे उदाहरण सोडविण्याची एक ठरावीक रीत आहे. फिरत्या बिंदूचे निर्देशक गृहीत धरावयाचे, दिलेली अट त्यांच्या भाषेत लिहावयाची, समीकरण सोपे करावयाचे, आणि ते एकघाती निघाले की 'बिंदुपथ सरळ रेषा आहे' असे विधान करून थांबावयाचे. ही रीत उपयुक्त आहे ह्याविषयी वाद नाही. मात्र ती वापरताना उपरिनिर्दिष्ट दोन प्रश्नांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले, हे पाहण्याचे भान बहुधा राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेषा दिल्या आहेत. एका बिंदूपासून त्या रेषांवर लंब टाकले असता त्या दोन लंबांची बेरीज एका दिलेल्या लांबीइतकी होते. तर त्या बिंदूचा बिंदुपथ कोणता? उपरोक्त रीतीने जाणारा विद्यार्थी लंबांची सूत्रे मांडतो, केवल मूल्याची चिन्हे काढून टाकतो आणि एका सरळ रेषेचे समीकरण लिहितो. वस्तुतः ह्या प्रश्नाचे उत्तर सरळ रेषा नसून एका आयताची सीमा आहे. हे उत्तर अवघड आहे म्हणून निसटते असे नाही. ते निसटण्यास ऐतिहासिक कारण आहे. एकघाती समीकरण आणि सरळ रेषा ह्यांचे जे समीकरण सतराव्या शतकात प्रस्थापित झाले, त्यात काय मिळाले आणि काय मागे पडले, हे ह्याच एका प्रश्नाच्या आधाराने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

सरळ रेषेच्या बिंदुपथांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्राचीन ग्रंथ आज उपलब्ध नाही. पेर्गा येथील अपोलोनियस (इ. स. पू. २०० च्या सुमारास) ह्याने 'प्रतलीय बिंदुपथ' ह्या विषयावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला होता. तो लुप्त झाला. त्याच्या शंकुच्छेदांवरील आठ भागांच्या ग्रंथाचे पहिले चार भाग ग्रीकमध्ये आणि पुढील तीन अरबी भाषांतरात टिकून राहिले. 'प्रतलीय बिंदुपथ' ह्या ग्रंथाच्या वाट्याला मात्र तेवढेही भाग्य आले नाही. त्याविषयी जे ठाऊक आहे ते मुख्यतः अलेक्झांड्रियाच्या पॅपसमुळे. पॅपसने इ. स. ३२० मधील एका सूर्यग्रहणाचा उल्लेख केला असल्यामुळे त्याचा काळ निश्चित करता येतो. त्याच्या 'संग्रह' ह्या ग्रंथाच्या सातव्या भागात विश्लेषणास उपयोगी पडणाऱ्या ग्रंथांचा परिचय आहे आणि त्यात अपोलोनियसच्या ह्या ग्रंथातील सिद्धांतांची विधाने सिद्धतांवाचून दिली आहेत.

पॅपस बिंदुपथांचे तीन वर्ग सांगतो. सरळ रेषा आणि वर्तुळे हे 'प्रतलीय' बिंदुपथ, शंकुच्छेद हे 'घन' बिंदुपथ, आणि ह्याहून अधिक गुंतागुंतीचे वक्र हे 'रेषीय' बिंदुपथ. प्रतलीय बिंदुपथांपैकी कित्येक विधाने आजच्या विद्यार्थ्यासही परिचित वाटतील. उदाहरणार्थ, दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांच्या वर्गांतील फरक दिलेला असेल, तर बिंदू स्थिर सरळ रेषेवर असतो. त्याच दोन अंतरांचे गुणोत्तर दिलेले असेल, तर बिंदू सरळ रेषेवर किंवा वर्तुळावर असतो. गुणोत्तर समतेचे असेल तर रेषा, अन्यथा वर्तुळ. आणि आपल्या प्रस्तुत विषयाशी थेट निगडित असलेले विधान असे की, दिलेल्या रेषांपर्यंत एका बिंदूपासून दिलेल्या कोनांत रेषा काढल्या आणि त्या रेषांच्या लांबींमध्ये विशिष्ट प्रकारचा बेरजेचा वा गुणोत्तराचा संबंध असला, तर तो बिंदू स्थितीने दिलेल्या सरळ रेषेवर असतो.

'स्थितीने दिलेली' हा शब्दप्रयोग युक्लिडच्या 'दत्ते' ह्या ग्रंथातील आहे. तिचा अर्थ इतकाच की, दिलेल्या वस्तूंवरून ती रेषा कोठे आहे हे निश्चित होते आणि ती प्रत्यक्ष काढता येते. पॅपसच्या वर्णनानुसार प्रश्न सोडविण्याच्या क्रियेचे दोन भाग असतात. विश्लेषणात शोधावयाची गोष्ट सापडली आहे असे मानून मागे मागे जाऊन ज्ञात गोष्टीपर्यंत पोहोचावयाचे. संश्लेषणात ज्ञातापासून निघून त्याच पायऱ्या उलट क्रमाने चढावयाच्या. बिंदुपथाच्या बाबतीत पहिल्या भागाने 'अट पाळणारा बिंदू येथे आहे' हे कळते आणि दुसऱ्याने 'येथील बिंदू अट पाळतो' हे कळते. दोन्ही भाग मिळून एकच सिद्धता होते.

३

आता आपला प्रश्न ह्या जुन्या पद्धतीने सोडवून पाहू. अपोलोनियसची सिद्धता उपलब्ध नसल्यामुळे पुढील युक्तिवाद त्याचा म्हणून देत नाही. तत्कालीन साधनांनी तो करता येण्याजोगा आहे, इतकेच.

दोन्ही रेषा म ह्या बिंदूत छेदतात. त्यांपैकी एका रेषेवर ग आणि दुसरीवर घ हे बिंदू असे घ्या की, मग आणि मघ समान असून ग ची दुसऱ्या रेषेपासूनची लंबांतरे आणि घ ची पहिल्या रेषेपासूनची लंबांतरे प्रत्येकी दिलेल्या लांबीइतकी, म्हणजे स इतकी, असतील. मगघ हा समद्विभुज त्रिकोण झाला. आता प हा बिंदू गमघ ह्या कोनाच्या आत असून त्यापासून मग आणि मघ ह्या रेषांवरील लंब अनुक्रमे त आणि थ आहेत असे समजा. मगप आणि मघप ह्या त्रिकोणांचे पाये समान आहेत, म्हणून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज ही पाया मग आणि उंची त + थ असलेल्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकी आहे. मगघ त्रिकोणाचा पाया मग आणि उंची स आहे. म्हणून त + थ = स असेल, तर चौकोन मगपघ आणि त्रिकोण मगघ ह्यांची क्षेत्रफळे समान होतात. प हा गघ च्या पलीकडे असता तर चौकोन मोठा झाला असता, अलीकडे असता तर लहान. तस्मात् प हा गघ ह्या रेषाखंडावरच आहे. उलट, गघ वरील कोणताही बिंदू घेतला तर त्याच क्षेत्रफळांवरून त + थ = स हे निघते. विश्लेषण आणि संश्लेषण दोन्ही पूर्ण झाले.

परंतु प हा गघ ह्या रेषेच्या वाढविलेल्या भागावर, म्हणजे घ च्या पलीकडे गेला तर? तेव्हा मगप हा त्रिकोण मगघ आणि मघप ह्या दोहोंच्या बेरजेइतका होतो आणि त − थ = स असा संबंध मिळतो. ग च्या पलीकडे गेल्यास थ − त = स. म्हणजे रेषा तीच, पण तिच्या मधल्या तुकड्यावर बेरजेची अट पाळली जाते आणि दोन्ही बाजूंच्या किरणांवर वजाबाकीची. दोन छेदक रेषा चार कोन करतात. प्रत्येक कोनात एक असा रेषाखंड मिळतो. चारही रेषाखंडांची टोके म पासून समान अंतरावर, दिलेल्या दोन रेषांवर आहेत. म्हणजे ज्या चौकोनाचे कर्ण समान असून एकमेकांस दुभागतात असा तो चौकोन, अर्थात् आयत. बेरजेच्या प्रश्नाचा बिंदुपथ ह्या आयताची सीमा होय, आणि त्याच्या बाजू दोन्हीकडे वाढविल्या असता जे आठ किरण मिळतात ते वजाबाकीच्या प्रश्नाचे उत्तर होय. चार रेषा ह्या दोन प्रश्नांत अशा नेमक्या वाटल्या गेल्या आहेत.

क्षेत्रफळाच्या ह्या सिद्धतेत प हा कोणत्या कोनात आहे हे आधी सांगितल्यावाचून एकही पाऊल पुढे पडत नाही. आकृतीच लेखकास थांबवून विचारते. ह्यामुळे प्राचीन पद्धत लांबलचक झाली. एकाच सिद्धांताचे अनेक उपप्रकार स्वतंत्रपणे हाताळावे लागले. सतराव्या शतकातील बीजगणितज्ञांना नेमका हाच विस्तार टाळावयाचा होता.

४

पॅपसचा ग्रंथ पश्चिम युरोपात सर्वत्र पोहोचला तो फेदेरिको कोमान्दिनो ह्याच्या लॅटिन भाषांतरामुळे. हे भाषांतर १५८८ मध्ये, भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर, छापले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १५९१ मध्ये, फ्रांस्वा व्हिएत ह्याने आपला विश्लेषणकलेवरील प्रवेशग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात केवळ अव्यक्त राशीच नव्हे, तर दिलेल्या राशीही अक्षरांनी दर्शविण्याची पद्धत प्रथमच सुव्यवस्थितपणे आली. अव्यक्तांसाठी स्वर आणि व्यक्तांसाठी व्यंजने, असा त्याचा संकेत होता. एका बाजूस लुप्त ग्रंथांची विधाने आणि दुसऱ्या बाजूस नवे बीजगणित, अशी ही दोन साधने एकत्र आली. लुप्त ग्रंथांचे पुनर्घटन करणे हा त्या काळातील विद्वानांचा आवडता उद्योग झाला.

तुलूझच्या न्यायसभेतील सल्लागार पियेर द फेर्मा (मृत्यू १६६५) ह्याने अपोलोनियसच्या 'प्रतलीय बिंदुपथा'चे पुनर्घटन हाती घेतले. हे काम करीत असतानाच त्याला एक गोष्ट दिसून आली असावी. अपोलोनियसने वेगवेगळे मांडलेले कित्येक सिद्धांत बीजगणिताच्या भाषेत एकाच साच्याचे होते. ह्याच साच्याचे विवेचन त्याने 'प्रतलीय आणि घन बिंदुपथांचा परिचय' ह्या छोट्या प्रबंधात केले. हा प्रबंध १६३७ च्या सुमारास हस्तलिखित रूपाने पॅरिसच्या विद्वन्मंडळात फिरू लागला. छापला गेला तो मात्र १६७९ मध्ये, फेर्माच्या मृत्यूनंतर, त्याच्या मुलाने सिद्ध केलेल्या संग्रहात.

प्रबंधाच्या आरंभीच फेर्मा मूलतत्त्व सांगतो. अंतिम समीकरणात दोन अव्यक्त राशी उरल्या की बिंदुपथ मिळतो आणि त्यांपैकी एका राशीचे टोक सरळ किंवा वक्र रेषा रेखाटते. येथे टोक 'रेखाटते' हा प्रयोग लक्षणीय आहे. आपल्या 'पथ' शब्दातील गतीची कल्पना येथे प्रवेश करते. त्यानंतर तो पहिलेच उदाहरण सरळ रेषेचे घेतो. व्हिएतचा संकेत देवनागरीत चपखल बसतो, म्हणून अव्यक्तांस आ आणि ए, व्यक्तांस द, ब आणि झ म्हणू. एका आडव्या रेषेवर न ह्या स्थिर बिंदूपासून आ ही लांबी घ्यावयाची आणि तिच्या टोकापासून दिलेल्या कोनात ए ही लांबी उभारावयाची. द × आ = ब × ए असेल, तर ए च्या टोकाचा बिंदुपथ सरळ रेषा होय. कारण आ आणि ए ह्यांचे गुणोत्तर दिलेले आहे, त्यांमधील कोन दिलेला आहे, म्हणून न पाशी होणारा त्रिकोण सदैव समरूप राहतो आणि न मधून जाणारी रेषा स्थितीने दिलेली ठरते. एवढे झाल्यावर 'संश्लेषण सोपे आहे' असे सांगून तो पुढे जातो.

ह्या शेवटच्या तीन शब्दांकडे गणिताच्या इतिहासकाराने दुर्लक्ष करू नये. प्राचीनांच्या दृष्टीने जे सिद्धतेचे अर्धे अंग होते, ते येथे एका वाक्यात आटोपले आहे. हे फेर्माने निष्काळजीपणाने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बीजगणितातील पायऱ्या बहुधा उलट क्रमानेही चढता येतात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंत समान राशी मिळविली तर ती पुन्हा वजा करता येते. त्यामुळे समीकरण लिहिले की विश्लेषण आणि संश्लेषण एकाच वेळी झाल्यासारखे वाटते, आणि पुष्कळदा तसे झालेलेही असते. नव्या पद्धतीचे सामर्थ्य ह्यातच आहे.

दुसरे समीकरण फेर्मा घेतो ते असे : झ × झ − द × आ = ब × ए. झ × झ हे क्षेत्रफळ द × र असे लिहिले, तर डावी बाजू द × (र − आ) होते. आडव्या रेषेवर न पासून र अंतरावर बिंदू घेतला की प्रश्न पहिल्या रूपात येतो. आता आपला लंबांचा प्रश्न ह्याच रूपाचा आहे हे सहज दिसेल. म हा आरंभबिंदू, मग ही आडवी रेषा, आणि ए ही लांबी मघ ला समांतर घ्या. प पासून मग वरील लंब हा ए च्या, आणि मघ वरील लंब हा आ च्या दिलेल्या पटीत असतो. ही पट म्हणजे म पाशी असलेल्या कोनाची ज्या. त + थ = स ही अट म्हणजेच आ + ए = मग. हे फेर्माचे दुसरे समीकरणच होय. मात्र ज्या आकृतीत आ आणि ए ह्या प्रत्यक्ष लांबी आहेत, तिच्यात आ ही मग पेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणून समीकरणाने मिळणारी जागा गघ हा रेषाखंड आहे. फेर्मा त्यास सरळ रेषाच म्हणतो. पण त्याच्या आकृतीत दुसरा अक्ष नाही, ऋण निर्देशक नाहीत आणि म्हणून उरलेली रेषा त्याच्या समीकरणाच्या कक्षेत येतच नाही.

आ आणि ए ह्यांना मराठीत भुज आणि कोटी म्हणण्याचा प्रघात आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) हे शब्द काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसाठी आले आहेत. फेर्माचा कोन काटकोनच असावा असे बंधन नाही आणि ह्या तिरप्या मांडणीमुळेच त्याच्या समीकरणाचा 'दिलेल्या कोनांत काढलेल्या रेषां'च्या प्राचीन विधानांशी थेट मेळ बसतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

५

ज्या वर्षी फेर्माचा प्रबंध पॅरिसमध्ये पोहोचला, त्याच वर्षी, १६३७ मध्ये, रने देकार्त ह्याचा 'भूमिती' हा ग्रंथ लायडन येथे प्रसिद्ध झाला. दोघांनीही पॅपसपासूनच आरंभ केला, परंतु त्यांच्या दिशा भिन्न आहेत. लायडनचा प्राध्यापक गोलियस ह्याने १६३१ च्या अखेरीस देकार्तचे लक्ष पॅपसच्या तीन आणि चार रेषांच्या प्रश्नाकडे वेधले होते. देकार्त हा प्रश्न घेतो, त्यावरून समीकरण काढतो आणि त्यापासून वक्र प्राप्त करतो. त्याच्या ग्रंथात सरळ रेषा येते ती चार रेषांच्या प्रश्नाचे उत्तर विशिष्ट परिस्थितीत संकुचित होते तेव्हा. फेर्मा समीकरणापासून निघतो आणि त्यातून कोणती जागा मिळते ते विचारतो. त्यामुळे एकघाती समीकरण हा त्याच्या विषयाचा पहिला पाठ ठरतो. आजच्या पाठ्यपुस्तकांचा क्रम फेर्माचा आहे आणि त्यांतील चिन्हे देकार्तची आहेत.

हा क्रम प्रथम खऱ्या अर्थाने पाठ्यपुस्तकात आणला तो हॉलंडचा राजकारणी यान द विट ह्याने. फ्रान्स फान स्खोतेन ह्याने देकार्तच्या 'भूमिती'चे लॅटिन भाषांतर १६४९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या १६५९ ते १६६१ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत द विटचा 'वक्ररेषांची मूलतत्त्वे' हा ग्रंथ समाविष्ट झाला. त्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी सरळ रेषेची रूपे क्रमवार दिली आहेत. आपल्या चिन्हांत ती अशी : य = (ब/अ)·क्ष; य = (ब/अ)·क्ष + क; य = (ब/अ)·क्ष − क; आणि य = क − (ब/अ)·क्ष. आजच्या वाचकास ही चार रूपे निष्कारण वेगळी केलेली वाटतील. परंतु ज्याच्या दृष्टीने क्ष आणि य ह्या लांबी आहेत, त्याला प्रत्येक रूपाची जागा निराळी दिसते. पहिल्या तिहींत किरण मिळतो, चौथ्यात रेषाखंड. ज्या रूपात क्ष आणि य ह्या दोन्ही राशी एकाच वेळी धन राहू शकत नाहीत, ते रूप ह्या यादीत येत नाही. चौथे रूप म्हणजे पुन्हा आपला गघ हा रेषाखंड.

पुढील पायरी ऋण निर्देशकांची. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तृतीय घाताच्या वक्रांवरील प्रबंधात दोन अक्ष आणि चारही पादांतील धन-ऋण निर्देशक पद्धतशीरपणे वापरले आहेत. ऑयलरच्या १७४८ मधील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात दोन चलांचे सर्वसाधारण एकघाती समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे आज आपण लिहितो त्याच व्यापकतेने मांडले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोंज आणि लाक्रवा ह्यांच्या हातून ह्या विषयास शालेय रूप प्राप्त झाले. द विटची चार रूपे एका समीकरणात विलीन झाली आणि रेषाखंड, किरण हे सर्व एका अखंड रेषेचे भाग ठरले.

६

ह्या एकीकरणाचे मोल किती मोठे आहे हे एका सिद्धांतावरून कळेल. रेषा कितीही दिलेल्या असोत. एका बिंदूपासून त्यांपर्यंत दिलेल्या कोनांत रेषा काढल्या, प्रत्येकीस एका दिलेल्या लांबीने गुणले आणि त्या गुणाकारांची बेरीज दिलेल्या क्षेत्रफळाइतकी असली, तर बिंदू स्थितीने दिलेल्या सरळ रेषेवर असतो. पॅपसने नोंदलेल्या विधानांचे हे व्यापक रूप फेर्माने आपल्या प्रबंधात सरळ रेषेच्या विवेचनाबरोबरच सांगितले आहे. प्राचीन पद्धतीने ते सिद्ध करावयाचे तर दोन रेषांच्या जागी एक आणावयाची, मग तिसरी घ्यावयाची, असे चालत राहावे लागेल आणि प्रत्येक टप्प्यास बिंदू कोणत्या बाजूस आहे हे सांगावे लागेल. समीकरणाच्या भाषेत सिद्धता एका ओळीची आहे. स्थिर रेषेपासून दिलेल्या दिशेतील चिन्हयुक्त अंतर ही निर्देशकांची एकघाती पदावली असते, आणि एकघाती पदावलींची बेरीज एकघातीच असते.

तथापि विधानाच्या शब्दांत कोणताही अपवाद नाही आणि अपवाद तर आहे. समभुज त्रिकोणाच्या आतील कोणत्याही बिंदूपासून तिन्ही बाजूंवर टाकलेल्या लंबांची बेरीज त्रिकोणाच्या उंचीइतकी असते. हा सिद्धांत व्हिव्हियानी (१६२२-१७०३) ह्याच्या नावाने ओळखला जातो. १६५९ मधील ज्या ग्रंथाशी त्याचे नाव निगडित आहे, तो ग्रंथदेखील अपोलोनियसच्या शंकुच्छेदांच्या पाचव्या भागाचे पुनर्घटन करण्याच्या प्रयत्नातून निर्माण झाला होता. आता त्रिकोणाच्या आतील बिंदूसाठी असा प्रश्न विचारा की, तिन्ही लंबांची बेरीज दिलेल्या लांबीइतकी असेल तर त्याचा बिंदुपथ कोणता? दिलेली लांबी उंचीइतकी असेल, तर त्रिकोणाचा सबंध अंतर्भाग हाच बिंदुपथ होय. तसे नसेल, तर आत एकही बिंदू सापडत नाही. समीकरण मांडले असता क्ष आणि य ह्यांचे गुणक दोन्ही शून्य होतात. 'स्थितीने दिलेली रेषा' कोठेच उरत नाही. दिलेली लांबी उंचीहून मोठी असेल आणि बिंदू बाहेरही चालत असेल, तर ज्या षट्कोनाच्या बाजू त्रिकोणाच्या बाजूंस समांतर आहेत, त्याची सीमा हे उत्तर मिळते. रेषा तीन आणि अट बेरजेची एकच. पण उत्तर कधी क्षेत्र, कधी षट्कोन, कधी काहीच नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे ह्या प्रकाशात पुन्हा पाहता येईल. ऋण निर्देशक स्वीकारल्यामुळे समीकरणाने दर्शविलेली रेषा पूर्ण झाली, परंतु त्याबरोबर मूळ अटीचा अर्थ बदलला. आता त आणि थ ह्या लांबी राहिल्या नाहीत, चिन्हयुक्त राशी झाल्या. त + थ = स ह्या समीकरणाने मध्यभागी बेरजेचा आणि दोन्ही टोकांपलीकडे वजाबाकीचा असे दोन प्रश्न एकत्र सोडविले आणि उरलेल्या तीन कोनांतील तीन रेषाखंड वगळले. ते परत मिळवावयाचे असतील तर चिन्हांच्या चारही जोड्या घ्याव्या लागतात. चार समीकरणे, चार रेषा, प्रत्येकीचा एकेक तुकडा. म्हणजे प्राचीनांना जे चार उपप्रकार आकृतीने करावयास लावले, तेच आपल्याला केवल मूल्याने करावयास लावले. श्रम टळले नाहीत, त्यांची जागा बदलली.

ह्यावरून फेर्माची किंवा ऑयलरची पद्धत सदोष आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. सर्वसाधारण सिद्धांताची एका ओळीत होणारी सिद्धता हा तिचा निर्विवाद विजय आहे. निष्कर्ष इतकाच की, 'संश्लेषण सोपे आहे' हे विधान प्रत्येक उदाहरणात पुन्हा तपासून पाहावयाचे असते. फेर्माच्या पहिल्या उदाहरणात ते खरोखरच सोपे होते. परंतु वर्ग करून करणी काढली, केवल मूल्याचे चिन्ह पुसले, किंवा शून्य होऊ शकणाऱ्या गुणकाने भागले, की ते सोपे राहत नाही. अशा प्रत्येक ठिकाणी मिळालेल्या समीकरणाचा कोणता भाग प्रत्यक्ष अट पाळतो आणि अटीचा कोणता भाग समीकरणाबाहेर राहिला, हे दोन्ही बाजूंनी विचारावे लागते.

रॉबर्ट सिम्सन ह्याने १७४९ मध्ये, म्हणजे ऑयलरचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या एका वर्षाने, अपोलोनियसचे 'प्रतलीय बिंदुपथ' जुन्याच रीतीने पुन्हा घडवून ग्लासगो येथे प्रसिद्ध केले. बीजगणिताचा विजय झालेला असताना हा उद्योग कालबाह्य वाटणे साहजिक आहे. तथापि जो विद्यार्थी बेरजेच्या प्रश्नास 'सरळ रेषा' असे उत्तर लिहून थांबतो, त्याने गमघ हा कोन आणि त्यातील समद्विभुज त्रिकोण एकदा कागदावर काढून पाहावा. समीकरणात न दिसलेल्या तीन बाजू त्यास आकृतीत दिसतील, आणि मग त्या समीकरणात कोठे हरवल्या होत्या हेही त्याला सापडेल.